‘टाकी फुल करून आणा’ म्हणाला आणि 43,800 रुपये घेऊन गेला

गाडीच्या फ्युएल पंपाची, म्हणजे टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची, शिट्टी बंद करायला गॅरेजमध्ये गेलो आणि फसलो. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. पैशांचा हिशेब मात्र लिहिणार. ‘इम्पोर्टेड’ फ्युएल पंप 14,500. रिले आणि वायरिंग किट 5,800. री-मॅपची (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगची) फाइल ‘अपडेट’ करायचे 9,000. मजुरी 3,500. आणि कधीच न बसलेल्या सर्ज टाकीचा (वळणावर पेट्रोल तुटू नये म्हणून लावायची छोटी जादा टाकी) अॅडव्हान्स 11,000. एकूण 43,800. सगळे यूपीआयने, त्याच्या बायकोच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणे, “सर, बिल पाहिजे तर वर 18 टक्के लागतील, बघा.” आता तोंड वाकडं करणाऱ्यांनी आधी आपल्या मेकॅनिकचं शेवटचं पक्कं बिल कपाटातून काढून दाखवावं.

गाडी 2011 ची फोक्सवॅगन पोलो, 1.6 पेट्रोल. काम काय केलेलं, तर इनटेक, हेडर्स, एक्झॉस्ट (हवा आत-बाहेर जायचे मोकळे पाइप) आणि री-मॅप. टर्बो नाही, मोठे इंजेक्टर नाहीत. असं इंजिन पूर्ण दाबलं तरी तासाला 35-40 लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, आणि मला विकलेला पंप होता 255 लिटरचा. हे गणित मला आता कळतं. तेव्हा समोरचा माणूस ‘स्टेज टू’, ‘लीन होतंय’ (म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडतंय), ‘पिस्टन जाईल सर’ असं बोलत होता आणि दोन पोरं माना डोलवत उभी होती.

आवाज खरा होता, एवढं त्याच्या बाजूने मान्य करतो. ठाणे-बेलापूर रोडला खिडक्या बंद केल्या की मागच्या सीटखालून कानाशी डास घोंगावल्यासारखी बारीक शिट्टी यायची. टाकी भरलेली असली की जवळजवळ नाही, पाव टाकी उरली की डोकं उठायचं. हे मी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. ज्याला पंपाचं काम येतं त्याला एवढ्यावरून दिशा मिळायला हवी. पंप पेट्रोलात बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि त्याचा आवाजही दाबतं. पेट्रोल खाली गेलं की आवाज उघडा पडतो. त्यात खालची जाळी चोंदलेली असेल तर पंप उपाशी ओढतो, पेट्रोलात वाफेचे बुडबुडे होतात आणि तो किंचाळायला लागतो. म्हणजे आधी जाळी बघायची, टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ होतं का बघायचं, पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजायचं, प्रेशर गेज लावायचा. पंप बदलणं सगळ्यात शेवटी.

गेज त्याने लावला, बरं का. काटा ठाम उभा राहिला, अॅक्सिलरेटर दिला तरी हलला नाही. मी विचारायच्या आत गेज काढूनही झाला होता. “उभ्या गाडीत ठीकच दाखवणार सर, लोडवर पडतं.” गेज लावल्यावर गाडी चालवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर चावी घ्या आणि निघा.

मग त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं. मागून दोन सेकंद ‘घूंऽऽ’ आला. “बघा, चावीसुद्धा लावली नाही आणि पंप चालू! वायरिंग शॉर्ट आहे. आग लागली असती.” झालं, 5,800 चं किट गळ्यात. या कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत दार उघडलं की पंप आपोआप क्षणभर चालतो, प्रेशर तयार ठेवायला. कारखान्यातूनच तसं येतं. ती गाडी नऊ वर्षं मी वापरतोय, पण चावी लावायच्या आधी मागच्या सीटला कान लावून कोण बसतं?

वर इथेनॉलचा मुलामा. “ई20 ने पंप खाल्ला सर, जुन्या गाड्यांचं असंच होतंय.” ई20 वरून, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून, सगळीकडे बोंब चाललेली, त्यामुळे कुणालाही पटेल. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलने सुटून जाळीत अडकू शकतो, हे खरंच आहे. पण मग जाळी बदल ना! तीच तेवढी बदलली नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. काम झालं. पंप बसला. मी म्हटलं, चला, चक्कर मारू. तर म्हणाला, “आधी समोरच्या पेट्रोल पंपावरून टाकी फुल करून आणा सर. नवीन पंप आहे, कोरडा चालवायचा नसतो.” ऐकायला किती शहाणपणाचं! मी गेलो, 3,900 रुपयांचं पेट्रोल भरलं, परत आलो, आणि गाडी गप्प. पामबीचवर पार किल्ल्यापर्यंत जाऊन आलो, शिट्टी नाही. त्याच्या पोराने तिथेच माझा अंगठा वर केलेला व्हिडिओ काढला. टाकी भरली की आवाज जातो, हे त्याला मीच सांगितलं होतं. त्याने माझंच वाक्य घेतलं, माझ्याच पैशाच्या पेट्रोलात बुडवलं आणि मला दुरुस्ती म्हणून विकलं. समोर घडत होतं सगळं. पण भर उन्हात, 32,800 रुपये देऊन, आवाज बंद झालेल्या गाडीत बसलेल्या माणसाने संशय घ्यायचा तरी कशावर?

आवाज तपासायचा तर पाव टाकीवर. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

जुना पंप मागितला तर “स्क्रॅपवाला घेऊन गेला.” अर्ध्या तासात? बदललेला प्रत्येक पार्ट डिकीत टाकून घ्या, तुटका असला तरी.

टाकी उतरत गेली तशी शिट्टी परत आली. बायको म्हणाली, “अहो, आवाज तर तसाच आहे की.” मी तिच्यावरच खेकसलो. परत गेलो तर महाशय म्हणे, वळणावर पेट्रोल हिंदकळतं, तुमच्या गाडीला आता सर्ज टाकी लागेल, 11,000 अॅडव्हान्स, माल बाहेरून येतो. मी दिले. ज्याच्या आधीच 32,800 अडकलेत तो माणूस काय करणार, नवीन गॅरेज शोधून शून्यापासून सुरू करणार? त्यानंतर फोन उचलणं बंद. आणि मग घोडबंदरच्या गायमुख घाटात, लेक मागच्या सीटवर झोपलेली असताना, चढावर गाडी आचके देऊन बंद पडली. मागे ट्रेलर.

टो करून वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. काकांनी सीट उचलली, झाकण काढलं आणि काही न बोलता मला हाताने जवळ बोलावलं. जाळी काळी ठिक्कर, आधीचीच. नवा पंप साध्या देशी बनावटीचा, त्यावर परदेशी कंपनीचं कागदी स्टिकर, अर्धं सुटून पेट्रोलात तरंगत होतं. जी वस्तू जन्मभर पेट्रोलात राहायची तिला कागदाचं लेबल! पंप ज्या रबरी बुशात बसतो तो बुशच नाही, त्यामुळे धातू थेट प्लास्टिकच्या भांड्यावर घासत होता. आतला होज साधा, फुगून मऊ झालेला. टाकीच्या आत पेट्रोलात बुडून टिकणारा होज वेगळा मिळतो, त्यावर जे30आर10 असं छापलेलं असतं, विकत घेताना वाचा. मीटर लावला तर बॅटरीवर 14.1 व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर 11.8. त्या 5,800 च्या किटचे जोड पिळून नुसती टेप मारलेली. काका म्हणाले, “जुना पंप ठेवला असतास तर साडेचारशेच्या जाळीत काम होतं रे बाबा.” पंप 5,200, जाळी 450, होज-क्लॅम्प-बुश 620, मजुरी 1,200. झाले 7,470, सगळं बिलासकट, आणि पाव टाकीवर माझ्या शेजारी बसून चक्कर मारली.

आता पोलीस ठाण्याची कथा ऐका. अर्ज पूर्ण वाचायच्या आधीच साहेबांनी विचारलं, “गाडी मॉडिफाय आहे का? मग आधी तुमच्यावरच केस होईल.” मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मलाही माहीत आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 दंड आहे, तेही माहीत आहे. लावा दंड, भरतो! पण बनावट पंप विकणाऱ्याचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढचं वाक्य ठरलेलं, “हे दिवाणी प्रकरण आहे.” खोटं स्टिकर लावून माल विकणं दिवाणी कधीपासून झालं? न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, मी छापील कागद नेला होता. त्यांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. अर्जाच्या प्रतीवर पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. “ऑनलाइन पैसे दिलेत ना, 1930 ला, सायबर हेल्पलाइनला, फोन करा.” केला. तिथे म्हणे, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा होत नाही. बँक म्हणते व्यवहार यशस्वी. कुणाचा यशस्वी ते विचारू नका. जीएसटीची तक्रार करायला गेलो तर त्याचा जीएसटी क्रमांक हवा. अहो, तो असता तर त्याने बिल नसतं का दिलं! ग्राहक हेल्पलाइन 1915 ने निदान नीट ऐकून घेतलं, डॉकेट नंबर दिला, आणि समोरच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून आयोगात जा असं सांगून फाइल बंद केली.

तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं. पुरावा म्हणून यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन, काकांचं बिल आणि तो पंप स्टिकरसकट काचेच्या बरणीत. बायको रोज विचारते ही बरणी स्वयंपाकघरातून कधी हलणार.

त्याच्या प्रोफाइलवर माझा अंगठ्याचा व्हिडिओ अजून आहे. तुर्भे-पावणे भागात कुणी 255 चा पंप बसवून घेतला असेल आणि काम झाल्यावर टाकी फुल करून आणायला सांगितलं गेलं असेल, तर मागची सीट उचलून स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. दुसरा एक तक्रारदार मिळाला तरी मी परत त्याच साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसणार आहे.