रात्रीची लॅब: हात हलका, युनिटचा घोळ

साताऱ्यात आम्ही ज्या हॉस्पिटलात होतो, त्याच्या तळमजल्यावरच्या रात्रभर उघड्या लॅबबद्दल लिहितेय. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही एकाच गोष्टीचे.

रविवारी दुपारी लेकाच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. सासूबाईंनी हिंग लावला. संध्याकाळी उलटी झाली, दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तेव्हा हिंग पुसून निघालो. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं. ऑपरेशन सकाळी अकराला ठरलं.

रक्त घ्यायला आलेली मुलगी वॉर्डातच आली, पहिल्या टोचणीत शीर सापडली, पन्नास मिनिटांत रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर. रात्री साडेअकराला हे मिळणं मोठी गोष्ट. पांढऱ्या पेशी 13,200, सीआरपी (अंगातली सूज किती ते सांगणारी तपासणी) 18. काउंटरवरचा मुलगा ‘फीवर पॅकेज’ही गळ्यात मारत होता, ते मी घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, “अपेंडिक्स आहे की नाही, हे नुसत्या रक्तावरून ठरत नाही ताई, पोट दाबून बघावं लागतं. पण ते साधं आहे की सडत चाललंय, याचा थोडा अंदाज रक्त देतं. सीआरपी चढायला काही तास लागतात, म्हणून पहाटे परत बघू.”

पहाटे सहाचा रिपोर्ट: सीआरपी 14.2. मी नवऱ्याला उठवून सांगितलं, उतरलं बघा! त्यांनी चहा आणला. आम्ही निवांत बसलो.

डॉक्टरांनी मात्र कागद बघितला आणि सिस्टरला हाक मारून ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. रात्रीचा आकडा मिलिग्रॅम प्रतिलिटर होता, पहाटेचा प्रतिडेसिलिटर (लिटरचा दहावा भाग). म्हणजे 18 वरून 142! शिवाय पेशी 17,800, बिलिरुबिन 2.1 (नॉर्मल साधारण 1.2 पर्यंत), सोडियम 132 (थोडं कमी). कावीळ नसताना बिलिरुबिन चढलं की अपेंडिक्स सडल्याचा किंवा फुटल्याचा संशय घ्यायचा, असं ते म्हणाले. जंतूंचं विष आतड्याच्या शिरेतून लिव्हरला पोचतं म्हणे. आठ वाजता पोट उघडलं. टोक काळं पडून फुटलं होतं.

मी हिशेबनीस आहे. ताळेबंदात एक पान हजारात आणि दुसरं लाखात लिहिलं तर आमचे साहेब फाइल अंगावर फेकतील. इथे एकाच पेशंटचे दोन रिपोर्ट, सहा-सात तासांच्या फरकाने, दोन वेगळ्या युनिटात, आणि युनिट मुंगीएवढ्या अक्षरात. विचारलं तर काउंटरवर उत्तर, “मशीन वेगळं आहे मॅडम.” मशीन वेगळं असू दे, कागद तर एकाच नावाचा आहे ना! डॉक्टर फसले नाहीत, आम्ही फसलो.

बाकी तक्रार नाही. रात्रीचा जादा आकार 200 रुपये, पावतीसकट.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सीआरपी 61 आला. आधी युनिट वाचलं, मग आकडा, मग सासूबाईंना फोन केला.