इंग्रज-इराण व्यापारावरील व्याख्यानमाला : अभिप्राय
बडोद्यात रावपुऱ्यातील एका छोट्या अभ्यासवर्गाची ही सशुल्क व्याख्यानमाला इतिहासप्रेमींनी अवश्य ऐकावी. १५६२ मध्ये काझवीनला इराणच्या शाह तहमास्पच्या दरबारी पोहोचलेला इंग्रज व्यापारी अँथनी जेन्किन्सन येथे थोडक्यात येतो. खरा भर ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीवर आहे. कारण विलायती लोकरी कापडाला हिंदुस्थानात पुरेसे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तेथूनच १६१६ मध्ये एडवर्ड कॉनॉकला इराणच्या जास्क बंदरी धाडण्यात आले आणि रेशमाच्या ओढीने शाह अब्बासशी बोलणी सुरू झाली. १६२२ मध्ये इंग्रज जहाजांच्या मदतीने पोर्तुगिजांचे होर्मुझ बेट पडले व मोबदल्यात गोम्ब्रूनच्या (आजच्या बंदर अब्बासच्या) जकातीचा निम्मा वाटा कंपनीला देण्याचे ठरले, हा व्यवहार व्याख्यात्यांनी फार सुरेख उलगडला. (सुरत आपल्या इतकी जवळ असूनही हे आपल्याला शाळेत शिकवले जात नाही, याची खंत वाटते.) नकाशे मात्र पुसट होते.