समांतर टॅक्सी-वे की बॅकट्रॅक: लहान विमानतळाच्या आराखड्यापुरता विचार

दिवसाला एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाच्या दोन-चार फेऱ्या आणि जोडीला एखादी वैमानिक प्रशिक्षण संस्था, एवढ्याच वाहतुकीसाठी विमानतळ आखायचा असेल, तर धावपट्टीची दिशा ठरवण्यात फारशी अडचण येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, आणि मुंबईची मुख्य धावपट्टी, पुणे, छत्रपती संभाजीनगर, चिपी या साऱ्या थोड्याफार फरकाने पूर्व-पश्चिमच आहेत. वाद होतो तो उतरलेले विमान एप्रनपर्यंत, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेपर्यंत, कोणत्या वाटेने आणायचे, यावर: धावपट्टीला समांतर असा वेगळा टॅक्सी-वे बांधून, की वळवून धावपट्टीवरूनच मागे आणून, म्हणजे बॅकट्रॅक करून.

बॅकट्रॅकच्या बाजूने खर्चाचा मुद्दा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. एटीआर ७२ वापरणार असलेल्या उपकरणयुक्त (उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय असलेल्या) धावपट्टीच्या मध्यरेषेपासून समांतर टॅक्सी-वेची मध्यरेषा १५८ मीटर दूर ठेवावी लागते. म्हणजे भूसंपादन वाढते, काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, आणि मधल्या पट्ट्यातील पाण्याचा निचरा हे स्वतंत्र प्रकरण होऊन बसते. त्या मानाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांना टर्न पॅड, म्हणजे विमान वळवण्यापुरती रुंद जागा, देणे फारच स्वस्त पडते. वेळेचे म्हणाल, तर वीस नॉटच्या गतीने बाराशे मीटर मागे यायला दोन मिनिटे लागतात. दिवसाला दोनच विमाने येणार असतील, तर त्याची तक्रार कोणी करणार नाही. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर समांतर टॅक्सी-वे उभ्या विमानांनी अडला होता, म्हणून दोन जम्बो विमाने धावपट्टीवरूनच नेली जात होती; धुक्यात ती एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. हे उदाहरण अशा चर्चेत हटकून निघते, पण एका वेळी एकच विमान हाताळणाऱ्या ठिकाणी ते जसेच्या तसे लावू नये, असे मला वाटते.

माझे मत बदलले ते टर्न पॅडच्या डांबरामुळे. बॅकट्रॅकवर चालणाऱ्या एका धावपट्टीची देखभाल मी काही उन्हाळे पाहिली. मे महिन्यात दुपारी एटीआर तिथे जवळजवळ जागच्या जागी वळते, आतल्या बाजूची चाके पुढे सरकण्याऐवजी पिळली जातात आणि मऊ पडलेला वरचा थर खरवडून निघतो. सुटी खडी पंख्यात जाण्याची भीती असल्यामुळे ठिगळ लगेच मारावे लागते, आणि ती जागा धावपट्टीचाच भाग असल्यामुळे प्रत्येक ठिगळासाठी नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून सारा विमानतळ बंद ठेवावा लागतो. प्रशिक्षणार्थी बसून राहतात ते वेगळेच. टॅक्सी-वे खराब झाला, तर तो दुरुस्त होईपर्यंत निदान बॅकट्रॅक करता येतो. उलट सोय मात्र नसते. टर्न पॅड आरंभापासूनच काँक्रीटचा केला, तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो, हेही सांगितले पाहिजे.

पुढे आराखड्याच्या कामात मत देण्याची वेळ आली, तेव्हा मी पूर्ण समांतर टॅक्सी-वेचा आग्रह धरला नाही. एप्रनपासून फक्त पूर्व टोकापर्यंतचा अर्धा मार्ग सुचवला. पश्चिमेचा वारा असताना उड्डाण पूर्व टोकाकडून सुरू होते, म्हणून जाताना धावपट्टी अडत नाही. उतरणारे विमान पूर्व टोकाकडून सुमारे बाराशे मीटरवरच्या जोडमार्गापर्यंत, माझ्या पाहण्यात तरी, बहुधा आवरते आणि तिथूनच बाहेर पडते. एखादे विमान पुढे गेले किंवा हिवाळ्यात वारा फिरला, की पश्चिमेचा काँक्रीटचा टर्न पॅड वापरायचा. हा मार्ग पूर्ण मार्गाच्या निम्म्याहून थोडा अधिक लांब होतो, पण रोजच्या वापरातले बहुतेक वळसे त्याने वाचतात. तुमच्याकडे प्रशिक्षणाची विमाने नसतील आणि फेऱ्या खरोखरच दोनच राहणार असतील, तर कदाचित एवढाही खर्च करू नये.

पश्चिमेकडील उरलेल्या मार्गाची जमीन मात्र तेव्हाच ताब्यात घेऊन सपाट करून ठेवली. सध्या तिथे फक्त गवत वाढते आणि पक्षी जमू नयेत म्हणून पावसाळ्यात ते वरचेवर कापावे लागते.