नकाशात उत्तर दिशेचा चुकीचा बाण ठेवून आम्हाला फसवलं

नाशिकमध्ये प्लॉट घेऊन बैठं घर बांधायच्या तयारीत असलेल्यांसाठी हे लिहितोय. खोल्यांची आखणी करून देतो, महापालिकेची मंजुरीही आणून देतो, असं सांगून एका माणसाने आमच्याकडून एक लाख नव्वद हजार रुपये घेतले. नकाशा दुसऱ्याच कुणाच्या प्लॉटचा निघाला आणि मंजुरीचं पत्र बनावट. पोलिसांत प्रकरण चालू आहे, म्हणून त्याचं नाव इथे घेत नाही.

आडगाव शिवारात आमचा ४० बाय ६० फुटांचा एन.ए. प्लॉट आहे, रस्ता पूर्वेला. आई वॉकर घेऊन चालते. पंचवटीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तिचं खाली उतरणं जवळजवळ बंदच झालंय. जिना नको, उंबरे नकोत, सगळं एका पातळीवर हवं, एवढ्यासाठी हे घर बांधायचं ठरलं.

प्लॉटच्या एजंटने या माणसाची ओळख करून दिली. मला सर्वात जास्त संताप येतो तो पैशांचा नाही, तो आईशी ज्या पद्धतीने बोलला त्याचा. रात्री किती वेळा उठावं लागतं, पलंगावरून उतरताना आधार डावीकडे लागतो की उजवीकडे, ओटा किती उंच हवा, सगळं त्याने विचारून डायरीत लिहून घेतलं. ‘काकू, तुम्ही फक्त सांगा, भिंती मी हलवतो,’ म्हणाला. वडिलांना देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं, तेही लिहून घेतलं. मग मोबाईलवर थ्रीडी चित्र आलं. आईच्या पलंगापासून चार पावलांवर बाथरूमचं दार, भिंतीला स्टीलचा दांडा, ओसरीत झोपाळा. आईने ते चित्र आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवलं.

नकाशाचे ८० हजार त्याने आधीच घेतले होते. नंतर ‘महापालिकेचं विकास शुल्क भरायचंय’ म्हणून १ लाख १० हजार स्वतःच्या यूपीआयवर मागवले. पावती फाईलला लागते, असं सांगून ती दिली नाही. काही आठवड्यांनी शिक्का, सही आणि जावक क्रमांक असलेलं बांधकाम परवानगीचं पत्र हातात ठेवलं.

सगळं उघडं पडलं ते आखणीच्या दिवशी. मिस्त्री जुने, पुष्कळ घरं बांधलेली. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेषा मारायच्या आधी त्यांनी नकाशा विटांवर पसरला आणि मधल्या ओळीतली मापं वाचायला लागले. डावीकडे हॉल १३ फूट, मध्ये संडास-बाथरूम ५ फूट, उजवीकडे आईवडिलांची खोली १२ फूट. बेरीज ३०. नकाशात दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळी जागा सोडलेली, म्हणजे ४० फुटांच्या प्लॉटवर घराची बाहेरून रुंदीही ३० फूटच. खाली टीप होती, ‘सर्व मापे आतील बाजूची’.

मिस्त्री म्हणाले, ‘भाऊ, मग भिंती कुठं बांधू?’

बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंची, आतल्या दोन साडेचार-साडेचार इंची. झाले सत्तावीस इंच, सव्वादोन फूट. प्लास्टर वेगळंच. ही सव्वादोन फुटं कुठून तरी कापायची म्हटली की बाथरूमच आकसतं, पाच फुटांचं पावणेतीन फूट होतं. राष्ट्रीय इमारत संहितेत संडास-बाथरूम एकत्र असेल तर रुंदी किमान १.२ मीटर, म्हणजे जवळपास चार फूट, आणि क्षेत्रफळ किमान २.८ चौरस मीटर सांगितलंय. पावणेतीन फुटांत वॉकर वळतच नाही. शिवाय हे बाथरूम चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं, खिडकी नाही, हवा जायला डक्ट नाही. ज्या आईसाठी घर बांधायचं, तिलाच वापरता येणार नाही असं बाथरूम त्याने काढलं होतं.

त्यानंतर मिस्त्रींनी बाण दाखवला. नकाशात रस्ता खालच्या बाजूला आणि उत्तरेचा बाण डावीकडे. म्हणजे नकाशाप्रमाणे रस्ता पश्चिमेला येतो. आमचा रस्ता पूर्वेला, सकाळी तिथे उभं राहिलं की ऊन तोंडावर येतं! दुसऱ्या कुणाच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या घराचा नकाशा उचलून वर आमचं नाव टाकलं होतं, आणि वडिलांना हव्या त्या दिशा जुळाव्यात म्हणून बाण तसाच ठेवला होता. कागदावर ईशान्येला दिसणारं देवघर प्रत्यक्षात नैऋत्येला, आग्नेयेचं स्वयंपाकघर वायव्येला. वास्तुशास्त्र कुणी मानो न मानो, वडिलांची श्रद्धा खरी आहे आणि त्याने तिचाच वापर करून घेतला. एरवीही ‘ओट्यावर सकाळचं कोवळं ऊन येईल’ असं त्याने आईला सांगितलं होतं. त्या मागच्या कोपऱ्यात येणार होतं ते एप्रिल-मे महिन्यातलं दुपारचं पश्चिमेचं ऊन.

फोन केला तर ‘साईटवर ॲडजस्ट होतं’, एवढंच उत्तर. पुढे फोन बंद.

शरणपूर रोडवर राजीव गांधी भवनात जाऊन नगररचना विभागात पत्र दाखवलं. तो जावक क्रमांक भलत्याच प्रकरणाचा होता, आमच्या प्लॉटचा प्रस्ताव दाखलच झालेला नव्हता. नकाशावरचा आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्या शहरातल्या एका आर्किटेक्टचा. त्यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांनीही तक्रार केली आहे.

आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर क्रमांक किंवा नाव टाकून नोंद पाहता येते. मात्र क्रमांक जुळला एवढ्यावर थांबू नका, त्या क्रमांकाच्या आर्किटेक्टशी स्वतः बोलून ‘हे काम तुम्हीच करताय ना’ हे विचारा. आर्किटेक्टच हवा असंही नाही. लहान घरासाठी परवानाधारक इंजिनिअरही प्रस्ताव दाखल करू शकतात, त्यांचा परवाना महापालिकेत तपासून घ्या. शुल्क मात्र कुणाच्याही खात्यात टाकू नका. मालकाच्या नावाचं चलन निघतं, ते स्वतः भरा आणि पावती स्वतःकडे ठेवा. नकाशा हातात आला की आडव्या आणि उभ्या प्रत्येक ओळीत खोल्या, भिंती, मोकळी जागा यांची बेरीज करा. ती प्लॉटच्या मापाशी जुळलीच पाहिजे. मग प्लॉटवर सकाळी उभं राहून बाण पडताळा. या दोन गोष्टींना इंजिनिअर लागत नाही.

आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि बनावट कागदपत्रांबद्दल तक्रार दिली आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

आमच्याच लेआउटमधल्या आणखी एका कुटुंबाकडे हाच नकाशा सापडला. तीच १३-५-१२ ची ओळ, फक्त नाव वेगळं. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद भागात असा नकाशा कुणाकडे असेल तर काम थांबवा आणि पत्र घेऊन आधी नगररचना विभागात जा. त्याचे मेसेज, व्हॉइस नोट, यूपीआयच्या नोंदी पुसू नका. रोख दिली असेल तरीही तक्रार द्या, मेसेजमध्ये रकमेचा उल्लेख असला तर तो जोडा.