बीटलचे कूलिंग पत्रे बनवायचेत: सीआर पत्रा घ्यावा की ॲल्युमिनियम?

जुनी फोक्सवॅगन बीटल घेतलेल्या माणसाला कधी ना कधी कळतंच की इंजिनावरचे निम्मे पत्रे गायब आहेत. आपल्याकडे ह्या गाड्या इतक्या मिस्त्रींच्या हाताखालून गेल्यात की दर ओव्हरहॉलला "हे काय, नुसतं झाकण तर आहे" म्हणून एखाद-दोन पत्रे कोपऱ्यात पडले आणि तिथून भंगारात गेले. सिलिंडरच्या जोडीमध्ये खालून बसणारे छोटे डिफ्लेक्टर तर मी बघितलेल्या बहुतेक गाड्यांत नव्हतेच, थर्मोस्टॅट आणि त्याचे फ्लॅप पण काढून टाकलेले, आणि मग मालक बिचारा ऑइल बदलत बसतो आणि म्हणतो गाडी घाटात तापते.

हे इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड होतं, तेव्हा पत्रे का लागतात हे तुम्हाला माहीत असेल असं धरतो. एकच गोष्ट बोलून घेतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: हे पत्रे इंजिनच्या खोलीचे वर-खाली दोन भाग करतात, वर थंड हवा, खाली सिलिंडरवरून आणि सायलेन्सरवरून आलेली गरम हवा. फॅन वरची हवा ओढतो. मध्ये कुठेही फट राहिली की खालची गरम हवा वर येते आणि फॅन तीच परत सिलिंडरवर मारतो. म्हणजे पत्रा किती भारी धातूचा आहे ह्याच्यापेक्षा तो किती घट्ट बसलाय ह्याला जास्त किंमत आहे.

माझ्या गाडीला मी सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे साध्या गुळगुळीत स्टीलच्या) पत्र्याचे बनवून घेतले, एका मित्राने त्याच्या गाडीला ॲल्युमिनियमचे. दोन्ही कामांना मी शेजारी उभा होतो त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकतो, पण माझं झुकतं माप कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, लपवत नाही.

आधी दुसरे पर्याय पटकन उरकतो. रेडिमेड सेट बाहेरून मागवता येतो, चांगल्या मापाचा मिळाला तर खरं म्हणजे तोच घ्यावा, पण मी हातात घेऊन बघितलेले बरेचसे सेट मूळ पत्र्यापेक्षा पातळ वाटले आणि भोकं जुळत नाहीत, म्हणजे पैसे देऊन परत कानस घेऊन बसायचंच. फायबरला लोक उगाच नाकं मुरडतात, पोर्शाच्या नऊशे अकरा गाडीवर कंपनीनेच फॅनभोवतीचं आवरण फायबरचं दिलं होतं, सो मटेरियल वाईट नाही, पण एका गाडीसाठी साचा कोण बनवत बसणार. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला, कृपया नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो तो छातीला वाईट आणि त्याच्यावर साधा रंगही नीट धरत नाही. आणि फॅन हाउसिंग, म्हणजे वरचा मोठा अर्धगोल डबा, शाबूत असेल तर तो हाताने बनवायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या आत हवा वळवणारे पडदे आहेत, फॅन आणि मागच्या पत्र्यात दोनेक मिलीमीटरचीच फट ठेवायची असते, ते प्रेसचं काम आहे. जमलं तर १९७१ च्या मॉडेलपासून आलेलं, ऑइल कूलर बाहेर काढलेलं हाउसिंग शोधा, जुन्यात कूलर आतच उभा असतो आणि तीन नंबरच्या सिलिंडरची हवा अडवतो. तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह का जळतो ह्याचं निम्मं उत्तर तिथे आहे. पण कूलर, त्याचा ब्रॅकेट, फॅन असा सगळा संच सोबत मिळाला तरच घ्या.

तर आपण बोलतोय ते पुढचा पत्रा, मागचा पत्रा, खालचे दोन आणि डिफ्लेक्टर ह्यांच्याबद्दल.

ॲल्युमिनियमवाले पहिलं कारण देतात वजनाचं. खरं आहे, पण ॲल्युमिनियम दीड मिलीचं घ्यावं लागतं आणि सीआर एक मिलीचा पुरतो, त्यामुळे एक-तृतीयांश वगैरे काही होत नाही, साधारण निम्म्यावर येतं. एवढ्या पत्र्यात ते किती वाचणार, मागच्या सीटवर एक पिशवी कमी ठेवली तरी तेवढं वाचेल. दुसरं कारण देतात की ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं. हे मला पटत नाही. उष्णता सोडायचं काम सिलिंडरच्या आणि हेडच्या फिन्सचं, म्हणजे त्यांच्यावरच्या पातळ पात्यांचं आहे, पत्र्याने फक्त हवेला वाट दाखवायची. पत्रा किती चांगला रेडिएटर आहे हा प्रश्नच येत नाही.

हाताळायला मात्र ॲल्युमिनियम फार गोड आहे हे कबूल करायला हवं. कात्रीने सुरेख कापलं जातं, लाकडी मोगरीने कड वळवता येते, मित्राच्या गाडीचा मागचा पत्रा डेंटरने माझ्या पत्र्याच्या निम्म्या वेळात आकाराला आणला. जिथे खोलगट करायचं तिथे नरम करून घेतात. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, कळायच्या आत भोक पडतं, म्हणून त्याच्यावर कोरडा साबण घासायचा, मागून ज्योत फिरवायची, साबण तपकिरी-काळा झाला की थांबायचं. हे बघायला मजा येते. फक्त दुकानात नुसतं "ॲल्युमिनियम पत्रा" मागू नका, ग्रेड विचारा. ५०५२ वळतं, ६०६१ टी-सिक्स, म्हणजे कडक केलेल्या प्रकारात असेल तर बारीक वळणावर चिरतं.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते सांगतो, आणि ते धातूच्या गुणांमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

हे पत्रे एका फटक्यात बसत नाहीत. पुठ्ठ्याचा फर्मा कितीही नीट कापा, इंजिनचा आकार असा वाकडातिकडा की पत्रा लावला की एका बाजूला दोन मिली कमी आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डच्या नळीला घासतो. मग काढायचा, कापायचा, एक पट्टी जोडायची, परत लावायचा, परत काढायचा. सीआर पत्र्यात हे काम गाडीशेजारीच होतं. डेंटरकडे सीओटू वेल्डिंग मशीन असतंच, नसेल तर गॅस असतो, एक टाका मारला, मॅग्नेटने पट्टी जागेवर धरली, दुसरा टाका मारला, गरम असतानाच पक्कडीने धरून लावून बघितला, नाही जमला तर टाका तोडला. हे आम्ही किती वेळा केलं ते मोजलंच नाही कारण मोजायची गरज पडली नाही, प्रत्येक वेळेला काही मिनिटं जायची.

ॲल्युमिनियमला हे होत नाही. त्याला आर्गन वेल्डिंग लागतं, आणि इथे बऱ्याच लोकांना माहीत नसलेली गोम अशी आहे की नाक्यावर "आर्गन वेल्डिंग" पाटी लावलेले निम्मेअधिक लोक स्टेनलेसचे जिने आणि रेलिंग करतात, त्यांचं मशीन डीसी असतं, ॲल्युमिनियमला एसी मशीन पाहिजे. एसीवाला सापडला तो गॅरेजपासून लांब, त्याच्याकडे मोठ्या कंपन्यांचं काम पडलेलं, त्याला आपली चार बोटांची पट्टी म्हणजे त्रासच, तो म्हणणार ठेवून जा, उद्या या. उद्या गेलं तर परवा. आणि पत्रा हातात आल्यावर इंजिनवर लावून बघायला परत गॅरेजला, आणि तिथे कळणार की वेल्डिंगच्या उष्णतेने तो हलकासा पिळलाय आणि आता दुसऱ्या कोपऱ्यात फट आहे. परत आर्गनवाल्याकडे. मॅग्नेट चिकटत नाही म्हणून पट्टी धरायला प्रत्येक वेळी क्लॅम्प नाहीतर दुसरा माणूस. शेवटी मित्राने जे बहुतेक लोक करतात तेच केलं, दोन-तीन फटी तशाच ठेवल्या, एका ठिकाणी रिबेट मारून पट्टी लावली आणि उरलेलं सिलिकॉनने भरलं. त्याला दोष देत नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही कंटाळलो असतो. पण जे काम मुळात फट बंद करण्यासाठी आहे त्यात मटेरियलमुळे फट सोडावी लागत असेल तर मग सगळं गणितच फिरतं.

आणि हे बनवताना एकदाच होतं असंही नाही. पुढे कधी दुसरा कार्ब्युरेटर टाकलात, सायलेन्सर बदललात की मागच्या पत्र्याला खाच मारावी लागते. कंपनाने स्क्रूच्या भोकापासून चीर जाते, स्टीलमध्येही जाते पण ॲल्युमिनियममध्ये लवकर जाते असा माझा अनुभव, आणि थकव्याच्या, म्हणजे सतत हलून धातू चिरण्याच्या बाबतीत ॲल्युमिनियमचं तसं नावच आहे. स्टीलची चीर कुठल्याही गावातला गॅसवाला पितळ घालून भरून देतो.

गंज हा स्टीलचा खरा दोष, त्यावर मी वाद घालणार नाही. दुमडलेल्या कडेच्या आत पाणी बसतं आणि रंग बाहेरून छान दिसत असताना आतून खायला लागतं. मी दुमड बंद करायच्या आधी आतून प्रायमर मारून घेतला, मग पावडर कोटिंग केलं, पुण्यात तरी अजून काही तक्रार नाही. कोटिंगची जाडी धरून भोकं थोडी मोठी ठेवा नाहीतर एम-सिक्सचा स्क्रू आत शिरताना कड खरवडतो आणि गंजाला तिथूनच वाट मिळते. रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात गाडी उघड्यावर राहत असेल तर हिशोब बदलू शकतो, पण खारट हवेत स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे चिकटतात तिथे पांढरी भुकटी धरते हेही लक्षात ठेवा, रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला.

आवाजाबद्दल बोलतो पण जपून. मित्राच्या गाडीत तिसऱ्या गिअरला एका ठराविक वेगाला पत्रा घुमतो, माझ्यात घुमत नाही. हे मटेरियलमुळे की त्या रिबेटमुळे, शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या पत्र्याला डेंटरने उभी बीडिंग (कडकपणासाठी उठावाची रेघ) मारली होती तिचाही वाटा असेल.

आणि तापण्याचं म्हणाल तर माझ्याकडे थर्मामीटर नाही, ऑइल बघायची डिपस्टिक आहे. खंबाटकी चढून वर आलो की बाजूला लावून डिपस्टिक ओढायची आणि टोक बोटात धरायचं. पत्रे नव्हते तेव्हा धरता येत नव्हतं, आता चटका बसतो पण धरवतं. मित्राच्या गाडीतही फरक पडलाय, माझ्याएवढा नाही असं मला वाटतं आणि त्याला ते अर्थातच मान्य नाही. त्याचं इंजिनही माझ्यापेक्षा जुनं उघडलेलं आहे, त्यामुळे ही तुलना काही कोर्टात टिकणारी नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत एसी आर्गन मशीनवाला घरचा माणूस असेल, गाडी किनाऱ्यावर असेल आणि वेळ भरपूर असेल तर ॲल्युमिनियम घ्या, वाईट होणार नाही. फक्त सायलेन्सरजवळचे खालचे दोन पत्रे तरी स्टीलचेच ठेवा, तिथे रस्त्यावरचे दगड लागतात. बाकी सगळ्यांनी एक मिलीचा सीआर घ्या, काळा एचआर (हॉट रोल्ड) नको, त्याच्यावरची खपली काढता काढता जीव जातो. आणि पत्र्याला हात लावायच्या आधी इंजिनच्या खोलीभोवतीचं रबर सील आणि प्लगच्या वायरची रबरं नवीन आणून जागेवर बसवा, मगच पुठ्ठा कापा. सील बसल्यावर पत्र्याची कड कुठे यायला पाहिजे ते बदलतं, आणि डेंटर ते स्वतःहून विचारणार नाही.