दुबईतल्या इंटरनॅशनल स्कूलमधला इन्क्लुजन विभाग: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि चंचलता) आहे. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत तो इयर फाइव्हला आहे, आपल्याकडच्या हिशेबाने चौथीला. शाळेचं वर्ष संपत आलंय, म्हणून इन्क्लुजन विभागाबद्दल, म्हणजे वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना शाळेत मदत करणाऱ्या विभागाबद्दल, सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव देत नाही, कारण त्याच शाळेत शिक्षिका बदलली की अनुभव बदलतो, हे आम्ही याच वर्षी पाहिलं. दुबईला बदली होऊन येणाऱ्या घरांत "आपल्या मुलाला शाळेत घेतील ना?" ही धास्ती इतकी मोठी असते की त्यापुढचं काही विचारायचं राहूनच जातं.

घेतात. 2006 चा फेडरल कायदा क्रमांक 29 विशेष गरजांच्या कारणावरून प्रवेश नाकारू देत नाही. खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या केएचडीएने 2017 मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाचं धोरणही आणलं. कागदोपत्री अशा मुलांना इथे 'स्टुडंट्स ऑफ डिटर्मिनेशन' म्हणतात. शाळांच्या तपासणी अहवालात या मुलांबद्दल वेगळं लिहिलेलं असतं आणि ते अहवाल कुणालाही वाचता येतात. शाळेचं चकचकीत माहितीपत्रक नंतर बघा, आधी हे वाचा.

आता पैशांचं. वर्गशिक्षिकेने करायचे बदल आणि इन्क्लुजन विभागाची नेहमीची मदत फीमध्येच धरलेली असते. त्यापलीकडे मुलासाठी स्वतंत्र एलएसए, म्हणजे वर्गात त्याच्या मदतीला बसणारी, आपण जिला शॅडो टीचर म्हणतो ती, लागली तर तिचा खर्च बहुतेक वेळा पालकांवर येतो आणि त्याचा वेगळा करार होतो. आम्हाला पूर्ण दिवसाची एलएसए सुचवली होती. नेहमीच्या सोयीत नेमकं काय भागत नाही ते लिहून द्या, असं आम्ही सांगितलं. लिहायला बसल्यावर त्यांनाच दिसलं की गणितात आणि विज्ञानाच्या प्रयोगांत तिची गरज नाही. करार अर्ध्या दिवसाचा झाला. सही करण्याआधी हे जरूर मागा.

पण खरा प्रश्न एलएसए मिळण्याच्या पुढे सुरू होतो. पहिल्या टर्ममध्ये सगळं छान दिसत होतं. वह्या पूर्ण, अक्षर नीटस, शेरे गोड. घरी मात्र एक परिच्छेद लिहायला दिला की तो पेन्सिल हातात धरून बाजूला बघायचा. पहिला शब्द कुणीतरी सांगेल, याची वाट बघत बसायचा. वर्गात शिक्षिका त्याच्याबद्दलचे प्रश्न त्याला न विचारता एलएसएला विचारू लागल्या होत्या. मधल्या सुट्टीतही ती त्याच्या शेजारी उभी असायची, मग मुलं खेळायला कशी येणार? ती बाई अतिशय प्रेमळ होती, त्यात शंका नाही. पण मदतीने त्याच्याभोवती कुंपण घातलं होतं.

आयईपीच्या, म्हणजे मुलासाठी शाळेने आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीत आम्ही हाच विषय धरून ठेवला. आधीच्या आयईपीत "वाचन-लेखनात प्रगती करेल" असं गुळगुळीत उद्दिष्ट होतं. ते काढून "सूचना मिळाल्यावर पहिलं वाक्य स्वतः लिहील, नंतरच मदत मागेल" असं लिहून घेतलं. एलएसए त्याच्या शेजारून उठून मागच्या टेबलावर गेली आणि इतर मुलांकडेही बघू लागली. सुट्टीत तिने त्याच्याबरोबर थांबणं बंद केलं. दुसऱ्या टर्मच्या वह्या आधीपेक्षा वाईट दिसतात. खाडाखोड आहे, शब्द सुटलेत, काही पानं अर्धीच आहेत. पण त्यातलं प्रत्येक वाक्य त्याचं आहे, आणि मला त्या वह्यांचा फार अभिमान वाटतो.

इतर सोयींपैकी चित्रांचं वेळापत्रक आणि अधूनमधून उठून हालचाल करण्याची मुभा उत्तम चालली. स्पीच थेरपीसाठी त्याला चित्रकलेच्या तासातून उठवायचे, तेव्हा मी स्पष्ट विरोध केला. आठवड्यात ज्या तासाला तो सगळ्यांच्या बरोबरीने असतो, तोच काढून घ्यायचा? आता असेंब्लीच्या वेळेत नेतात.

अरबी इथे सक्तीची आहे. उजवीकडून डावीकडे लिहायचं, अक्षराचं रूप शब्दातल्या जागेप्रमाणे बदलणार, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहायचेच नाहीत: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ही चढण अवघडच. शाळेने त्याच्यासाठी तोंडी कामावर भर दिला, हे मनापासून आवडलं. मात्र सुरुवातीला "घरी फक्त इंग्रजी बोला" असाही सल्ला मिळाला होता, तो आम्ही मानला नाही. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. उलट तो मराठी पुस्तक वाचताना कमी अडखळतो, कारण बरंचसं जसं लिहिलंय तसंच वाचायचं असतं. पहिली वेलांटी तेवढी चकवते: अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. असेसमेंट करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला घरची भाषा कोणती ते आवर्जून सांगा, नाहीतर इंग्रजी शब्दसंग्रहाचे कमी गुण म्हणजे मुलाची कुवतच कमी, असा अर्थ लावला जातो.

शाळेवर माझा मोठा राग एकाच गोष्टीसाठी आहे. वर्षाच्या मध्यात एलएसए सोडून गेली आणि ते आम्हाला मुलाकडून कळलं. नवी आली तेव्हा तिला आयईपी दाखवलेलाच नव्हता, ती पुन्हा शेजारी बसू लागली आणि काही आठवडे सगळं मागे गेलं. माणसं बदलणारच. पण काम दुसऱ्याकडे सोपवताना लिखित माहिती पुढे द्यायला काय लागतं?

मोठ्या परीक्षांचा विचारही आत्ताच करावा लागतो. जादा वेळ, साधारणपणे 25 टक्क्यांपर्यंत, मागताना नुसता जुना रिपोर्ट पुरत नाही. मूल वर्गात रोजच तसं काम करतं, याचा पुरावा परीक्षा मंडळं बघतात. म्हणून साध्या चाचण्यांतही त्याला जादा वेळ मिळावा आणि त्याची नोंद राहावी, असं आम्ही लिहून घेतलंय.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत राहतोय. नव्या करारात एलएसए फक्त लेखनाच्या तासांना असेल, तास दर टर्मला कमी करत न्यायचे आहेत, आणि ती बदलणार असेल तर आम्हाला आधी कळवायचं, अशी ओळ आम्ही घालून घेतली आहे.