अमेरिकेची मॅच की जर्मनीचा खुला बाजार?

माझ्या भाचीची कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलमधली डॉक्टरकीची इंटर्नशिप संपत आलीय. पीजी बाहेर करायचं हे पक्कं, पण कुठं? घरात व्हिसा आणि खर्चावर रोज खल होतो. जागा ठरते कशी, याकडे कुणी बघत नाही. मला तर तोच खरा फरक वाटतो.

जर्मनीत भाषा शिका, डॉक्टरांसाठीची भाषेची परीक्षा द्या, परवाना काढा आणि थेट हॉस्पिटलला अर्ज करा. वर्षभर कधीही. पण हा मार्केट यार्डातला गुळाचा सौदा आहे. लहान गावातल्या हॉस्पिटलनं चार दिवसांत उत्तर मागितलं आणि मोठ्या शहरातली मुलाखत पुढच्या आठवड्यात असली, तर आलेला भाव घ्यायचा की थांबायचं?

अमेरिकेतही पूर्वी असंच चाले. 1940 च्या दशकात हॉस्पिटलं पदवीच्या 2 वर्षं आधीच मुलांना अडकवून ठेवत. पुढं तर उत्तराला 12 तासही मिळेनात. म्हणून 1952 साली मॅच आली, म्हणजे डॉक्टर आणि हॉस्पिटल दोघांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवायची पद्धत.

ही आपल्या सीईटी सेलची फेरी नव्हे. इथं नुसत्या गुणांवर जागा मिळत नाही. मुलाखत घेऊन हॉस्पिटलही तुमचा क्रम लावतं. कॉम्प्युटर आधी तुमची पहिली पसंती बघतो आणि तिथं जागा तात्पुरती धरतो. तिथल्या जागा भरल्या आणि हॉस्पिटलच्या यादीत तुमच्या वरचा कुणी आला, तर तुम्ही दुसऱ्या पसंतीकडे सरकता. सुरुवात उमेदवाराकडून होते, हा बदल 1998 चा. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्ये हे गणित लग्नाच्या जोड्यांवर मांडलं होतं. स्थळं बघणाऱ्यांना ते लगेच उमगेल.

त्यामुळं यादीत मनातलाच क्रम लिहायचा. ‘तिथं आपल्याला कोण घेणार’ म्हणून आवडतं हॉस्पिटल खाली ढकलू नका. ते वर लिहिल्यानं खालची जागा हातची जात नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर जोडीनं यादी देता येते. खुल्या बाजारात ही सोय नाही.

पण मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागलेला निकाल बंधनकारक असतो, पगाराची घासाघीस नाही. बाहेरून येणाऱ्या परदेशी डॉक्टरांपैकी दहातल्या साधारण चौघांना मॅच मिळतच नाही. उरलेल्या जागांची एक फेरी असते. तीही हुकली की बहुतेकांचं वर्ष गेलं.

वर्ष गेलं तरी चालणार असेल आणि यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेतल्या स्टेप 2 चे गुण दणदणीत असतील, तरच मी अमेरिका म्हणेन. भाचीच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे आणि बोलण्यात ती कुणाला हार जात नाही, म्हणून मी जर्मनी सुचवली. जर्मनच्या क्लासला तिनं नाव घातलंय. यूएसएमएलईची पुस्तकं मात्र अजून टेबलावरून हललेली नाहीत.